सोमवारपासून पोरांशी वाचनाच्या-लिखाणाच्या गप्पा सुरू करायच्यात? रविवारीच एवढं करून ठेवा

मी सोलापुरात तिसरीला शिकवते. वर्गात ३२ पोरं. एकेकाला जवळ बसवून पाच मिनिटं त्याच्या पुस्तकाबद्दल नाहीतर वहीबद्दल बोलायचं, ट्रेनिंगमध्ये याला कॉन्फरन्स म्हणतात, आम्ही गप्पाच म्हणतो. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये डोनाल्ड ग्रेव्ह्ज या लेखन-शिक्षणाच्या अभ्यासकांनी १९७८ ते ८० अशी दोन वर्षं शाळेत बसून लहान पोरं कशी लिहितात ते बघितलं, तिथून हे जास्त पसरलं. ते तिकडचं, इथं आपली तयारी आपल्यालाच करावी लागते की.

पहिल्यांदा टेबल-खुर्ची विसरा. पहिल्या वर्षी मी टेबलापाशी बोलावलं तर पहिल्याच पोराने गुपचूप हात पुढं केला, छडी बसणार म्हणून! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मारायला बंदी आहे, पण बाईंनी बोलावलं म्हणजे आपलं काहीतरी चुकलं हे पोरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग मी घरची जुनी सतरंजी नेली, सोलापुरात सतरंजीला काय तोटा. पोराच्या समोर नाही, शेजारी बसायचं, वही दोघांना सरळ दिसते. जागा पंख्याखाली धरा. सकाळची शाळा लागली की सगळं दहाच्या आत, नंतर पत्र्याखाली पोरंही ऐकत नाहीत आणि आपलंही डोकं चालत नाही.

नावं आधीच कॅलेंडरवर टाका. रोज चार धरली तर आठ दिवसांत वर्ग होतो, अडखळणाऱ्यांना मध्ये परत एकदा घ्यायचं म्हणून मी दहा दिवस धरते.

खरी तयारी मात्र त्या एकाची नाही, उरलेल्या ३१ जणांची. पुस्तकांची पेटी एकच ठेवली की तिथं मारामारी, म्हणून दोन कोपऱ्यांत दोन, त्यात बालभारतीच्या किशोरचे जुने अंक, गोष्टींची पातळ पुस्तकं, घरून आणलेलं काहीही. पेन्सिली टोक करून डब्यात भरून ठेवा, कारण अर्धे व्यत्यय शार्पनरचे असतात. मी गळ्यात लाल रुमाल घालते, रुमाल असेपर्यंत तीन मित्रांना विचारायचं, बाईंना नाही, आग लागली तरच यायचं. दुसऱ्याच दिवशी एकजण आला, बाई खरंच आग लागली, बाहेर कुणीतरी कचरा पेटवला होता.

वाचनासाठी त्याच्याच पुस्तकातला साधारण शंभर शब्दांचा उतारा आधी खूण करून ठेवा. दहाच्या वर अडखळला तर पुस्तक अवघड आहे, पोरगा कच्चा नाही, सोपं द्या. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द धरलेत, ते मोजायचं दुसऱ्या दिवशी, गप्पांच्या वेळी मोबाईलचं घड्याळ काढू नका, पोरं पळत सुटतात आणि गोष्ट काय होती विचारलं की आ वासतात. प्रश्न विचारून गप्प बसायची प्रॅक्टिस घरी करा, हसू नका. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक बाईंनी वर्गात मोजलं होतं, शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबलं की पोरांची उत्तरं लांबतात. तीन सेकंद फार मोठे वाटतात बरं का.

लाल पेन घरी ठेवा. आमच्याकडे कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू, भाकरीची बाकरी होणारच. एका मुलीने दोनच ओळी लिहिल्या होत्या, आई विडी करते, मी बगते. मी बगतेवर बोट ठेवणार होते, कशीबशी थांबले आणि विचारलं आईच्या विड्यांच्या सुपात काय काय असतं गं? मग काय, पानं ओल्या फडक्यात गुंडाळतात, पत्र्याच्या मापाने कापतात, दोरा बोटाला कापतो, रात्री आई मोजते तेव्हा बोलायचं नाही नाहीतर परत पहिल्यापासून. मी म्हटलं शेवटचं जे बोललीस ना तेच लिही. लिहिलं. बगतेचं बघू नंतर.

एका वेळी एकच गोष्ट शिकवायची, ती कुठली हे नोंदवहीत तारखेसह लिहायचं, प्रत्येक पोराला एक पान. विषय सुचत नाही म्हणणाऱ्यांसाठी जानेवारी उत्तम, इथल्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेहून आलेलं पोर पाळण्याबद्दल पानभर लिहितं.

आणि पाण्याची बाटली सतरंजीवरच ठेवा. उठून टेबलापर्यंत गेलात की मागं सहाजण वह्या घेऊन हजर.