पहिलीच्या आधी बोटांची तयारी

मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार होती. पेन्सिल मुठीत धरायची, दोन ओळींत हात दुखायचा, की वही बंद! मी सुट्टीत गिरवणं थांबवलं आणि तिला आजीच्या हाताखाली दिलं. एप्रिल-मे म्हणजे वाळवणाचे दिवस. चिमटीने सांडगे घालणं, शेंगा फोडणं, चिंचेतून चिंचोके काढणं, या सगळ्यात अंगठा आणि पहिली दोन बोटंच राबतात, आणि पेन्सिलही त्यांनीच धरायची असते. सांडगे वेडेवाकडे झाले, पण आजीने एकही मोडून पुन्हा घातला नाही, याचं मला फार बरं वाटलं.

खडूचे मात्र मुद्दाम बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. एवढासा तुकडा मुठीत मावतच नाही, चिमटीतच धरावा लागतो. अंगणातल्या भिंतीवर उभ्याने चित्रं काढली की मनगटही आपोआप मागे वळतं. चित्र कसलंही चालेल.

जूनच्या सुरुवातीला जाड त्रिकोणी पेन्सिल दिली. पकड सुधारली होती, अक्षर अजून मोठंच येतं. डब्याचं झाकण आणि गणवेशाची बटणं मात्र ती आता स्वतः लावते. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात, तिथल्या पालकांना अजून थोडे दिवस मिळतील.