टेस्टामेंटचा नवा अल्बम ऐकताना ड्रमचा माग कसा काढावा

कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९८३ मध्ये उभ्या राहिलेल्या टेस्टामेंट या थ्रॅश मेटल (हेवी मेटलचा वेगवान, आक्रमक प्रकार) बँडचा ‘पॅरा बेलम’ हा अल्बम ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो ‘द लेगसी’ या त्यांच्या पहिल्या अल्बमच्या (१९८७) तोडीचा आहे का, या प्रश्नाने सुरुवात केल्यास हाती फारसे काही लागत नाही. त्याऐवजी ड्रमवर कोण बसले आहे आणि त्यामुळे उरलेले चौघे काय वेगळे वाजवू लागले आहेत, हे शोधत ऐकावे. गायक चक बिली आणि गिटारवादक एरिक पीटरसन पहिल्या अल्बमपासून टिकून आहेत. ड्रमची जागा मात्र सतत बदलत राहिली, आणि माझ्या मते या बँडची वाटचाल त्या जागेवरूनच सर्वांत स्पष्ट ऐकू येते.

पहिल्या वेळी अल्बम सलग ऐकावा आणि गीतांचे शब्द समोर ठेवू नयेत. हेडफोन कान पूर्ण झाकणारे असावेत. पुण्याच्या कर्वे रस्त्यावरून दुचाकी हाकताना कानात इअरफोन घालून ऐकणे धोक्याचे आहेच, शिवाय वाहनांच्या घरघरीत बेस गिटार पार बुडून जाते. मोबाइलमधील बेस वाढवण्याची सोयही बंद ठेवावी, कारण तिच्यामुळे पायाने वाजवल्या जाणाऱ्या मोठ्या ड्रमचे जलद, सुटे ठोके एकमेकांत मिसळतात.

दुसऱ्या वेळी केवळ स्नेअर, म्हणजे ड्रमसंचातील तो कोरडा, चरचरीत आवाज ऐकावा. गणेशोत्सवापूर्वी नदीपात्रात चालणारा पथकांचा सराव ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ढोलांच्या गदारोळातून ताशा वेगळा काढण्याची सवय असतेच. इथेही तेच करायचे आहे. स्नेअरच्या प्रत्येक ठोक्यावर मांडीवर हात मारून पाहावा. दमछाक होऊनही हात पोहोचत असेल आणि दोन ठोक्यांच्या मध्ये मोठा ड्रम वाजत असेल, तर तो थ्रॅशचा नेहमीचा ठेका समजावा. हात पोहोचेनासा झाला आणि स्नेअरची सलग धार लागली, तर तो डेथ आणि ब्लॅक मेटल या मेटलच्या आणखी उग्र प्रकारांत रुळलेला ब्लास्ट बीट होय. ‘इन्फँटिसाइड ए.आय.’ हे गाणे या सरावासाठी उत्तम आहे. ते वाजवणारा ख्रिस डोव्हास हा तरुण ड्रमवादक २०२३ मध्ये बँडमध्ये आला. मात्र ही धाटणी केवळ त्याच्यामुळे आली असे मानू नये, कारण पीटरसन यांचा ड्रॅगनलॉर्ड हा दुसरा बँड ब्लॅक मेटलच्याच वाटेने जाणारा आहे.

यानंतर मागे जावे, पण सगळे अल्बम क्रमाने संपवण्याचा हट्ट नको. ‘द न्यू ऑर्डर’मध्ये (१९८८) लुई क्लेमेंटे यांचा ठेका साधा आणि सरळ आहे, त्यामुळे गिटारवादक अॅलेक्स स्कोलनिक यांच्या सुरेल सोलोंना, म्हणजे एकट्या गिटारच्या तुकड्यांना, भरपूर मोकळीक मिळते. ‘लो’मध्ये (१९९४) स्कोलनिक नाहीत, ड्रमवर जॉन टेम्पेस्टा आहेत आणि बिली यांचा आवाज घशातल्या गुरगुरीकडे वळला आहे. सर्वांत जास्त वेळ मात्र ‘द गॅदरिंग’ला (१९९९) द्यावा. तेथे स्लेयर या थ्रॅश बँडचे माजी ड्रमवादक डेव्ह लोंबार्डो वाजवतात आणि वेग कितीही वाढला तरी ठेक्याची लवचिकता जात नाही. बेसवर असलेले स्टीव्ह डिजॉर्जिओ नव्या अल्बमवरही आहेत, म्हणून दोन्ही अल्बममधील बेसची तुलना अवश्य करावी.

२००१ मध्ये बिली यांना कर्करोग झाला आणि त्यांच्या मदतीसाठी सॅन फ्रान्सिस्कोत ‘थ्रॅश ऑफ द टायटन्स’ हा कार्यक्रम झाला. न्यूयॉर्कमध्ये जॅझचे शिक्षण घेतलेले स्कोलनिक २००५ मध्ये पुन्हा बँडमध्ये आले. एवढे ठाऊक असले की ‘मीन्ट टू बी’ हे संथ गाणे केवळ विसाव्याचे ठिकाण वाटत नाही; त्यातील सोलो ऐकताना स्वर कोठे रेंगाळतो आणि कोठे निसटतो, याकडे लक्ष द्यावे.

शेवटी ‘पॅरा बेलम’ पुन्हा सलग ऐकून मत बनवावे. माझ्या मते तो ‘द गॅदरिंग’च्या उंचीला पोहोचत नाही, कारण डोव्हासची सफाई थक्क करणारी असली तरी लोंबार्डो ठेक्याला जी किंचित ओढ देतात, ती इथे क्वचितच सापडते.