एकाच जागी अडलेला वादळी ढग : ओढ्याच्या पुराचा धोका आधी कसा ओळखायचा

वादळी ढग बहुतेक वेळा तासाभरात बरसून मोकळा होतो. रस्ते तुंबतात, ओसरतात. घात करतो तो जागचा न हलणारा ढग. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याच्या दक्षिण भागात गडगडाटी पाऊस कोसळला आणि कात्रजकडून येणारा आंबिल ओढा सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल भागातल्या घरांत शिरला. शहर-जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. म्हणून ‘पाऊस किती जोराचा?’ याच्या जोडीला ‘तो एकाच पाणलोटावर, म्हणजे ज्या भागाचं पाणी एका ओढ्यात उतरतं त्यावर, किती वेळ थांबणार?’ हेही विचारायला हवं.

सकाळी वारा बघा. विंडीसारख्या हवामानाच्या ॲपवर जमिनीचा वारा न बघता उंची बदलून साधारण ३,००० आणि ५,५०० मीटरवरचा बघा. ढगाला पुढे ढकलतो तो हा वारा. दोन्ही ठिकाणी तो ताशी १५-२० किलोमीटरच्या आत असेल आणि हवेत बाष्प भरपूर असेल, तर दुपारनंतर सावध राहायचं. मे महिन्यातला वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, दोन्ही वेळी असे दिवस येतात.

दुपारपासून रडार बघा. उपग्रहाच्या चित्रावर विसंबू नका. त्यात दिसतो तो ढगाचा पांढरा माथा, आणि उंचावरचा वारा त्याला लांबवर पसरवतो. ढग निघून चालला असं वाटतं, पण पाऊस पाडणारा गाभा तिथेच असतो. हवामान खात्याच्या रडारची हलती चित्रं लावा, घाट किंवा तलाव अशी एक खूण धरा आणि लाल ठिपका, म्हणजे जोराचा पाऊस, अर्ध्या तासात तिच्यापासून किती सरकला ते बघा. ठिपका सरकला तरी त्याच्या मागे, त्याच जागी नवा उगवत असेल तर धोका तितकाच. आगगाडीच्या डब्यांसारखे ढग एकामागून एक त्याच गावावरून जातात, आणि डोंगराच्या कडेला हे जास्त होतं. मुंबईच्या रडारला पुण्याकडे बघताना सह्याद्री आडवा येतो, त्यामुळे चित्र कोरं दिसलं म्हणून पाऊस नाही असं समजू नये.

पाणलोट ओळखा. हे काम कोरड्या दिवशीच करून ठेवा. आपल्या ओढ्यात कुठल्या टेकड्यांचं पाणी येतं ते नकाशावर शोधा. दहा चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५० कोटी लिटर पाणी पडतं. जमीन आधीच भिजलेली असेल किंवा वर सगळं काँक्रीट असेल, तर त्यातलं बरंचसं लगेच खाली धावतं. तुमच्या डोक्यावर चांदणं असतानाही पूर येऊ शकतो, तो असा. पुलाखालच्या मोऱ्या कचऱ्याने बुजल्या आहेत का, हेही तेव्हाच बघून घ्या आणि पालिकेच्या मागे लागा.

पाऊस मोजा. सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवा. तासात पाच सेंटिमीटर पाणी साठलं आणि पाऊस थांबायचं नाव घेत नसेल, तर पुढच्या इशाऱ्याची वाट बघू नका. हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा अंदाज जरूर वाचा, पण तो बहुधा अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो. तुमच्या ओढ्याचा अंदाज तुम्हालाच बांधावा लागतो.

निर्णय अंधार पडण्याआधी घ्या. वरच्या अंगाला राहणाऱ्या दोघा-तिघांचे नंबर जवळ असू द्या. तिकडून ‘पाणी गढूळ झालंय, भराभर चढतंय’ असा फोन आला की म्हातारी माणसं आणि मुलं आधी वरच्या मजल्यावर न्यायची. तळघरातली गाडी काढायला कुणी उतरायचं नाही. वाहतं पाणी गुडघ्याच्या खाली असलं तरी माणसाचा पाय उचलतं, तेव्हा पुलावरून पाणी जात असेल तर अलीकडेच थांबा आणि ११२ ला फोन लावा.