सर्वाधिक खपलेला घरगुती संगणक: आकडा लिहिताना या चुका टाळा

घरगुती संगणकांच्या सुरुवातीच्या काळातलं सर्वाधिक खपलेलं एकच मॉडेल म्हणजे कमोडोर कंपनीचा कमोडोर ६४. यात फारसा वाद नाही. वाद आहे तो आकड्याचा. कुणी १ कोटी २५ लाख लिहितं, कुणी १ कोटी ७० लाख, कुणी थेट ३ कोटी.

ज्याने कंपनी काढली त्याचा शब्द हाच पुरावा, असं धरू नका. कमोडोरचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल यांनी २००७ मध्ये २ ते ३ कोटींचा अंदाज सांगितला आणि तो सगळीकडे फिरला. पण हा संगणक बाजारात आला ऑगस्ट १९८२ मध्ये आणि ट्रॅमिएल कंपनीतून बाहेर पडले जानेवारी १९८४ मध्ये. उत्पादन चाललं १९९४ पर्यंत. म्हणजे पुढच्या दहा वर्षांचा हिशेब त्यांच्या हातात नव्हताच. १ कोटी २५ लाखांचा अंदाज मात्र जुन्या यंत्रांवरचे अनुक्रमांक जमवून बांधलेला आहे. माझा कौल त्यालाच, कारण तो कसा आला हे कुणालाही पडताळता येतं. तरी अनुक्रमांकावरून उत्पादन कळतं, विक्री नाही. म्हणून ‘सुमारे’ गाळू नका.

मॉडेल आणि मालिका यांची गल्लत तर नेहमीची. ॲपल टू ही संगणकांची मालिका; तिच्या आकड्यात १९७७ च्या मूळ यंत्रापासून टू-जीएसपर्यंत सगळी भावंडं येतात. एमएसएक्स हे तर मानक, म्हणजे संगणक कसा असावा याचा सामाईक आराखडा. त्यावर अनेक कंपन्यांनी आपापली यंत्रं काढली. दहा लाखांचा टप्पा आधी गाठला कमोडोरच्याच आधीच्या व्हिक-२० या संगणकाने, पण आधी पोहोचला म्हणून तो सर्वाधिक खपला असं होत नाही.

मिलियनचं रूपांतर करताना जपा: १७ मिलियन म्हणजे १ कोटी ७० लाख, १७ कोटी नव्हे.

विकलं गेलं म्हणजे वापरलं गेलं, हेही गृहीत धरू नका. १९८३ मध्ये कमोडोरने कुठलाही जुना संगणक किंवा व्हिडिओ गेमचं यंत्र दिल्यास कमोडोर ६४ च्या खरेदीवर १०० डॉलरची सूट जाहीर केली. टायमेक्स सिंक्लेअर १००० हा दुसऱ्या कंपनीचा छोटा संगणक तेव्हा पडत्या भावात, काही ठिकाणी अगदी १० डॉलरला मिळत होता. काहींनी तो घेतला तो कमोडोरला देऊन सूट मिळवण्यासाठीच. विक्रीत असं यंत्र मोजायलाच हवं. फक्त तेवढ्या घरांत ते चालू होतं, असं त्यावरून लिहू नका.