पान्यावरचं नाव वाचताना: जुन्या मोटारींची हत्यारं कशी जमवावीत

१९०८ साली फोर्डची ‘मॉडेल टी’ अमेरिकेत विक्रीला आली तेव्हा गाडीबरोबर हत्यारांचा संच यायचा, आणि तो शोभेचा नव्हता. रस्ते खराब, गॅरेज लांब, टायर तर कायमचे रुसलेले. गिअरपेटीतले पट्टे झिजून पेडल खाली बसायला लागलं की ते मालकानंच आवळायचे. १९२७ पर्यंत अशा दीड कोटींहून जास्त गाड्या निघाल्या. बहुतेक भंगारात गेल्या. नट-बोल्ट आवळायचे पाने मात्र कुणाच्या तरी खोक्याच्या तळाशी पडून राहिले. तेच आपल्याला शोधायचे आहेत.

१. आधी कुंपण घाला

‘जुनं दिसेल ते घेतो’ म्हणणाऱ्याकडे वर्षभरात गंजाचा ढीग जमतो, संग्रह होत नाही. एक कंपनी धरा, किंवा एकच प्रकार (फक्त स्क्रू पाने, फक्त ग्रीस गन), किंवा एका गाडीचा पूर्ण संच. सुरुवातीला फोर्डच धरावी, असं माझं मत. माल भरपूर सापडतो, त्यामुळे चुका स्वस्तात होतात. पॅकार्ड किंवा मॅक्सवेलच्या गाड्याच कमी निघाल्या, त्यामुळे त्यांच्या हत्यारांच्या वाटेला नंतर जा.

२. नाव कुणाचं, घडवलं कुणी, हे वेगळं काढा

बहुतेक नवशिके इथेच फसतात. पान्यावर मोटार कंपनीचं नाव असलं तरी तो पुष्कळदा बाहेरच्या घडाई कारखान्यात (तापलेलं पोलाद साच्यात ठोकून घडवणाऱ्या) बनलेला असतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडची व्ल्चेक कंपनी मोटार कंपन्यांना असे संच पुरवायची. म्हणून मोठं नाव वाचून थांबू नका. दांड्याच्या दुसऱ्या बाजूला, जबड्याच्या मुळाशी बारीक खूण शोधा. त्रिकोणात ‘बी’ म्हणजे हार्टफर्डची बिलिंग्ज अँड स्पेन्सर, पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात ‘डब्ल्यू’ म्हणजे जे. एच. विल्यम्स.

शिवाय नाव असलेल्या हत्यारांचे तीन गट पडतात. पहिला, गाडीबरोबर मालकाला मिळालेली. दुसरा, विक्रेत्याच्या वर्कशॉपसाठी बनवलेली, बफेलो शहरातली के. आर. विल्सन कंपनी फोर्डच्या विक्रेत्यांसाठी अशी खास हत्यारं करायची, ती आकारानं थोराड असतात. तिसरा, ‘फोर्डसाठी’ असं छापून बाजारात विकलेला बाहेरचा माल. तिन्ही जमवण्याजोगे आहेत, पण तिसऱ्याला पहिल्याचा भाव देऊ नका.

३. आकड्यांवर लगेच विश्वास ठेवू नका

फोर्डच्या एका पान्यावर ‘टी-१९१७’ असं असतं. ते साल नव्हे, सुट्या भागाचा क्रमांक आहे. मी स्वतः पहिला पाना ‘१९१७ सालचा’ म्हणून आठवडाभर मिरवला होता.

पेटंटची तारीख असेल तर ती फक्त खालची मर्यादा सांगते: हत्यार त्यानंतरचं आहे, एवढंच. तेव्हा अमेरिकन पेटंट १७ वर्षं चालायचं, त्यामुळे तोच ठसा पुढेही बराच काळ उमटत राही. चकचकीत क्रोमचा मुलामा दिसला तर थांबा. हत्यारांवर तो १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून रुळला. त्याआधी निकेल, काळा थर किंवा नुसतं पोलाद.

ब्रिटिश पान्यांचं गणित आणखी निराळं. ‘१/४ डब्ल्यू’ लिहिलेल्या व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापपद्धतीच्या) पान्याचा जबडा पाव इंच नसतो. पाव इंच जाडीच्या बोल्टच्या नटाला तो बसतो, आणि त्या जबड्याची रुंदी ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३ मिलिमीटर भरते. म्हणून व्हर्नियर कॅलिपर खिशात ठेवा.

४. ठसा जवळून बघा

झिजलेली अक्षरं वाचायला टॉर्च समोरून नको, बाजूनं जवळजवळ आडवा धरा. तरी लागत नसेल तर खडू घासा आणि बोटानं हलकेच पुसा. खोलगट भागात पांढरं राहतं, अक्षर उभं राहतं.

नकली माल दोन तऱ्हांचा. एक, जुन्या बिननावाच्या पान्यावर नवा ठसा. अशा अक्षराच्या कडेला उचललेली धातूची धार बोटाला लागते, आणि सगळीकडे गंज असून अक्षराच्या तळाशी लख्ख असतं. दुसरा, अस्सल पान्यावरून साचा घेऊन ओतलेला. त्याचा पृष्ठभाग रवाळ, अक्षरं साबणासारखी गोलावलेली. घडाईच्या पान्याच्या कडेला साच्याबाहेर आलेला धातू छाटल्याची रुंद पट्टी असते. ओतकामाची शिवण बारीक रेघेसारखी दिसते.

५. गंज काढा, पण हात आखडता ठेवा

पहिल्या वर्षी मी एका स्क्रू पान्यावर ग्राइंडरला लावलेला तारेचा ब्रश फिरवला. आरसा झाला. निकेलही गेलं आणि नावाचं शेवटचं अक्षरही. तेव्हापासून ग्राइंडर संग्रहाच्या टेबलापासून लांब.

मुलामा शिल्लक असेल तर पातळ तेल आणि ‘चार शून्य’ नंबरची, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूल, बस्स. जुना रंग राहिला असेल तर त्याला हातच लावू नका. नुसत्या पोलादावर गंजाचा जाड थर असेल तर विजेची पद्धत चांगली: प्लास्टिकच्या बादलीत पाणी, दर चार लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार पान्याला आणि धन तार साध्या लोखंडाच्या तुकड्याला. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका, आणि पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद करा. स्टेनलेस स्टील तिथे अजिबात वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजनही सुटतो, म्हणून हे काम उघड्यावर, ठिणगीपासून दूर. बाहेर काढल्यावर लगेच धुऊन, गरम हवेनं वाळवून मेणाचा पातळ हात द्या.

दांड्याला कुणीतरी कानशीनं केलेली खाच किंवा ठोकलेली आद्याक्षरं असतील तर ती राहू द्या. ती आधीच्या मालकाची सही आहे.

६. चिठ्ठी बांधा

कुठे मिळालं, कधी, कशाबरोबर, जबड्याचं माप, खुणा, काय साफ केलं. एकाच खोक्यात चार पाने, पक्कड आणि पंप एकत्र मिळाले असतील तर वेगळे करू नका. तो कदाचित एकाच गाडीचा संच असेल, आणि वेगळे केल्यावर ते सिद्ध करता येत नाही. चिठ्ठीवर पेन्सिलनं लिहा, तेलानं शाई पसरते.

माझ्या पहिल्या पान्याच्या चिठ्ठीवर अजून ‘साल १९१७’ आहे. खोडलेलं नाही, खाली फक्त ‘क्रमांक, साल नव्हे’ असं लिहून ठेवलंय.