आठवड्यात चारच दिवस काम: कारखान्यात काम वाटून घेताना या चुका टाळा

साथीच्या काळात ऑर्डरी घटल्या की वाळूज, चिकलठाणा किंवा जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये पहिला उपाय ठरलेला असतो: ठेकेदाराच्या माणसांना ब्रेक द्यायचा. दुसराही उपाय आहे. 60 पैकी 20 जणांना घरी बसवण्याऐवजी साठही जणांना आठवड्यात सहाऐवजी चार दिवस बोलवायचं. काम तेवढंच होतं, नोकरी कुणाचीच जात नाही. पण यातही गोंधळ होतो, आणि तो बहुतेक वेळा रिकाम्या दिवसाच्या नोंदीवरून होतो.

त्या दिवसाचे पैसे सरकार देईल असं गृहीत धरू नका. जर्मनीत बुडालेल्या निव्वळ पगाराचे 60 टक्के, मूल असल्यास 67 टक्के, सरकारी रोजगार संस्थेकडून मिळतात. आपल्याकडे तशी योजना नाही. 2020 मध्ये केंद्राने मार्च ते ऑगस्टचा पीएफचा दोन्हीकडचा मिळून 24 टक्के वाटा भरला. पण तो 100 पर्यंत कामगार आणि त्यातल्या किमान 90 टक्क्यांचा पगार 15,000 रुपयांच्या आत असलेल्या आस्थापनांनाच, तोही ईसीआर (पीएफचं दरमहाचं ऑनलाइन विवरणपत्र) भरला असेल तरच. लॉकडाऊनमध्ये पूर्ण पगार द्यायचा केंद्राचा 29 मार्चचा आदेश मे महिन्यात मागे घेतला गेला, आणि 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी बोलून तोडगा काढावा असं सांगितलं.

म्हणून बोलणं झालं की ते लेखी करा. कामाचे तास किंवा वेतन बदलायचं तर 21 दिवसांची नोटीस लागते. युनियनशी किंवा कामगारांशी रीतसर समझोता झाला असेल तर ती लागत नाही. समझोत्यात दिवस, पाळी, मुदत आणि रिकाम्या दिवसाचा दर लिहा, आणि प्रत कामगार उपायुक्त कार्यालयात द्या. कामगारांनी एक ओळ नीट वाचावी: 12 महिन्यांत 45 दिवसांपुढे रिकाम्या दिवसांची भरपाई मिळणार नाही, असं कलम त्यात असू शकतं.

सगळ्यात महागात पडते ती मस्टरवरची, म्हणजे हजेरीपटावरची चूक. रिकाम्या दिवशी ‘गैरहजर’ किंवा ‘बिनपगारी रजा’ लिहिलं की कामगाराचा हक्क बुडतो. तिथे ‘ले-ऑफ’च (काम नसल्याने मालकाने तात्पुरतं घरी बसवलं) लिहा. 50 किंवा जास्त कामगारांच्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात वर्ष भरलेल्या कामगाराला त्या दिवसाचे मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या 50 टक्के भरपाई मिळते, आणि वर्षाची सलग सेवा धरायला लागणाऱ्या 240 दिवसांतही तो दिवस मोजला जातो. मोठ्या कारखान्यांना ले-ऑफसाठी सरकारची परवानगी लागते. ही मर्यादा 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने 100 वरून 300 कामगारांवर नेली.

ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) हिशेब तर बोटावर मोजण्यासारखा आहे. आजारपणाच्या भत्त्यासाठी सहा महिन्यांच्या अंशदान काळात (विम्याचा हप्ता भरायचा काळ) 78 दिवसांचं वेतन लागतं. आठवड्यात तीन दिवस काम म्हणजे 26 आठवड्यांत बरोबर 78. एक खाडा झाला की भत्ता गेला, तोही नेमका साथीत. एक आठवडा काम, एक आठवडा सुट्टी असं लावलं तरी बेरीज तीच. जुन्या ईएसआय कायद्यात ले-ऑफची भरपाई वेतनातच धरलेली होती, म्हणून ती प्रत्यक्ष द्या आणि तिच्यावरचं अंशदानही भरा. जमत असेल तर चार दिवसांच्या खाली जाऊच नका.

कामगारांकडूनही एक चूक होते. काम नाही म्हणून बिडकीन, पैठणकडचा माणूस गावीच थांबतो. ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा कारखान्यात हजेरी लावली नाही, तर भरपाई नाकारता येते. गाड्या बंद असतील तर हजेरी कशी लावायची हेही समझोत्यातच ठरवून घ्या.

ईएसआयच्या बेरोजगारी भत्त्याचा, म्हणजे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा अर्ज अर्धवेळ काम असताना करू नका. ती पूर्ण बेरोजगारासाठी आहे. 24 मार्च 2020 पासून तिचा दर रोजच्या सरासरी वेतनाच्या 25 वरून 50 टक्के झाला, जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी. ठेकेदाराने ब्रेक दिलेल्या कामगाराला मात्र ती उपयोगी पडते. अर्ज त्याने स्वतः ईएसआयसीच्या पोर्टलवर करायचा, मालकाची शिफारस लागत नाही. आधार, बँक खाते आणि विमा क्रमांक यांवरची नावं एकसारखी आहेत का, हे ब्रेक मिळायच्या आधीच तपासून घ्यावं.