'इडिओपॅथिक' शब्द चार्टमध्ये आहे का? कॉर्नियाच्या सुजेचं कोडिंग करण्याआधी

अमेरिकेतल्या क्लिनिकचा चार्ट होता. असेसमेंटमध्ये एवढंच: कॉर्निअल एडीमा, ओएस (डाव्या डोळ्याच्या कॉर्नियाला सूज). कारण लिहिलेलं नाही म्हणजे कारण माहीत नाही, असं धरून मी एच१८.२२२ (आयसीडी-१०-सीएम या निदानांच्या कोडयादीतला 'इडिओपॅथिक', म्हणजे अज्ञात कारणाच्या सुजेचा कोड) लावून मोकळी झाले. ऑडिटमध्ये तो परत आला. औषधांच्या यादीत अमँटाडीन होतं आणि क्वेरी (डॉक्टरांना लेखी प्रश्न) गेल्यावर डॉक्टरांनी सूज त्यानेच आल्याचं लिहून दिलं. म्हणजे दुय्यम सूज, एच१८.२३२, आणि सोबत औषधाच्या दुष्परिणामाचा टी-कोड. त्या पेशंटच्या रेकॉर्डवर मी 'कारण अज्ञात' लिहून ठेवलं होतं, आणि ते कारण ती रोज गिळत होती.

म्हणून सर्वांत आधी 'इडिओपॅथिक' हा शब्द शोधा. डॉक्टरांनी तो लिहिला असेल तरच एच१८.२२. नुसतं 'एडीमा' असेल तर एच१८.२०. कारण न लिहिणं वेगळं आणि शोधूनही न सापडणं वेगळं. हा फरक ठरवायचा अधिकार आपल्याला नाही, डॉक्टरांना आहे.

चार्ट वर्षाच्या चालू कोडसेटवरच उघडा, तो दर १ ऑक्टोबरला बदलतो. फुक्स डिस्ट्रॉफीचे (हा कॉर्नियाचा एक आजार) कोड २०२० च्या ऑक्टोबरपासून डोळ्यानुसार वेगळे झालेत, जुन्या कोडची चिठ्ठी फाडून टाका. डोळा: १ उजवा, २ डावा, ३ दोन्ही. मात्र एच१८.२० ला डोळ्याचा आकडा नाहीच, जोडलात तर कोड अवैध ठरतो.

मग हिस्ट्री शेवटपर्यंत वाचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन, कॉन्टॅक्ट लेन्स (त्याला एच१८.२१ आहे), काचबिंदू, औषधं. औषधांची यादी खरंच वाचा, नुसती स्क्रोल करू नका. काही सापडलं तरी स्वतः जोडू नका, क्वेरी टाका, आणि उत्तर आधीच सुचवणारी टाकू नका. 'सूज कशामुळे, हे नोंदवू शकाल का?' एवढं पुरे. आणि पुन्हा सांगते, 'इडिओपॅथिक' शब्द दिसत नसेल तर एच१८.२२ नाही. पॅकिमेट्रीचा (कॉर्नियाच्या जाडीच्या मापाचा) आकडा कितीही मोठा असो, तो सूज दाखवतो, कारण नाही.

बाह्यरुग्णाच्या नोंदीत 'संभाव्य', 'शंका' असलेलं निदान कोड करायचं नाही. बुली (कॉर्नियावरचे फोड) असतील तर एच१८.१ बघा. सही, तारीख, सबमिट.